जेसन कॉलमसाठी टिंबाची सोपी सिंटॅक्स : नियम ठरवायला मदत हवी आहे

टिंब_टिंब

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं जण गेलं वर्षभर फावल्या वेळात एक छोटं डेटाबेस इंजिन लिहितोय. ग्रामर पोस्टग्रेस या डेटाबेसचंच उचललंय, स्टोरेज आमचं. जेसन कॉलम (म्हणजे ज्यात की आणि तिची किंमत अशा जोड्या, एकात एक बसवलेल्या, असतात तो) साठवणं झालं, वाचणंही होतं, पण वाचायची जी बाणांची सिंटॅक्स आहे तिने जीव मेटाकुटीला येतो. म्हणून एसक्यूएल:२०२३ मध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेच्या २०२३ च्या स्टँडर्डमध्ये, जो सोपा अ‍ॅक्सेसर आलाय, म्हणजे कॉलमच्या पुढे टिंब देऊन सरळ की लिहायची, तो घालायचा विचार आहे. पण जितका खोलात जातोय तितके प्रश्न वाढतायत, त्यामुळे इथे मांडतोय.

(कोड इथे सगळा देवनागरीतच लिहितोय, आकडेसुद्धा. कॉलमची आणि कीची नावं देवनागरीत पोस्टग्रेसला कोट्सशिवायही चालतात, तेव्हा हे अगदीच काल्पनिक नाही.)

आत्ता असं लिहावं लागतं:

माहिती->'ग्राहक'->'पत्ता'->>'शहर'

आणि हवंय हे:

माहिती.ग्राहक.पत्ता.शहर

नुसतं दिसायला बरं म्हणून नाही. बाण हा ऑपरेटर आहे आणि ऑपरेटर म्हटला की प्रेसिडन्स, म्हणजे आधी कोणतं चिन्ह लागणार ते, आलंच, सगळे घोळ तिथून सुरू होतात. हे बघा:

माहिती->>'वय'::इंट

कोणीही वाचलं तर वाटेल की वय काढलं आणि इंटिजर केलं. पण टाइप बदलायचे (कास्टचे) दोन कोलन बाणापेक्षा जास्त घट्ट बांधतात, त्यामुळे आधी 'वय' हा शब्दच इंटिजर करायला जातो आणि 'वय' हा काही आकडा नाही असा एरर येतो. दुसरं,

'नाव: ' || माहिती->>'नाव'

इथे जोडायचं चिन्ह आणि बाण दोघांची प्रेसिडन्स एकच, डावीकडून उजवीकडे, म्हणून आधी 'नाव: ' आणि अख्खा जेसन जोडायला जातो, 'नाव: ' हा वैध जेसन नाही म्हणून पुन्हा एरर, आणि एररमध्ये जोडणीचा उल्लेखही नाही, त्यामुळे माणूस डेटा तपासत बसतो. टिंब हे ऑपरेटर नसून नावाचाच भाग असल्यासारखं वागतं, सगळ्यात घट्ट बांधतं, त्यामुळे हे दोन्ही प्रकार मुळातूनच जातात.

आता माझा आराखडा: टिंबानंतर की, कंसात इंडेक्स (अ‍ॅरेत, म्हणजे यादीत, कितवा ते), आतमध्ये सगळं स्टँडर्डमधल्या जेसन क्वेरी या फंक्शनमध्ये बदलायचं. कुठे कुठे फुटेल ते सांगा. आत्ताच सांगितलंत तर बरं, एकदा लोकांनी व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेऱ्या) लिहिले की सिंटॅक्सचा अर्थ बदलता येत नाही.

नवशिकी

छान धागा. एक बेसिक शंका, टिंबच का? स्नोफ्लेक या डेटाबेसमध्ये कॉलमनंतर कोलन देतात आणि मग पुढे टिंब, म्हणजे माहिती:ग्राहक.पत्ता असं. त्यात निदान कॉलम कुठे संपला आणि जेसन कुठे सुरू झाला ते डोळ्याला दिसतं की.

टिंब_टिंब

@नवशिकी, शंका बेसिक नाहीये, आम्ही दोन आठवडे कोलनवरच होतो. दिसायला ते जास्त स्पष्ट आहे हे कबूल. पण पोस्टग्रेसच्या ग्रामरमध्ये कोलन आधीच खूप ठिकाणी लागतो, कास्टला दोन कोलन, अ‍ॅरेच्या तुकड्याला कंसात एक कोलन, आणि पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलमध्ये, कोलन आणि नाव म्हणजे व्हेरिएबल. कोणी 'ग्राहक' नावाचं व्हेरिएबल सेट करून ठेवलं असेल तर क्वेरी सर्व्हरपर्यंत पोचायच्या आधीच तिथे भलतंच काहीतरी घुसेल. शिवाय बऱ्याच लायब्रऱ्या कोलन दिसला की बाइंड पॅरामीटर (बाहेरून किंमत भरायची जागा) समजतात. जेसनबीमध्ये (पोस्टग्रेसचा बायनरी जेसन टाइप) की आहे का हे विचारायला प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर ठेवला आणि जावावाल्यांना तेव्हापासून दोन प्रश्नचिन्हं लिहावी लागतात, कारण जेडीबीसीत, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायच्या सोयीत, प्रश्नचिन्ह म्हणजे पॅरामीटरची जागा. चिन्ह निवडताना फक्त आपलं पार्सर (क्वेरी वाचून तिची रचना लावणारा भाग) बघून चालत नाही, मधले सगळे ड्रायव्हर बघावे लागतात, आणि टिंबाला कोणी हात लावत नाही.

जुना_डीबीए

थोडा इतिहास सांगतो म्हणजे तुम्ही कशावर बांधताय ते लक्षात राहील. पोस्टग्रेसमध्ये जेसन टाइप आला ९.२ मध्ये, २०१२ साली, तेव्हा तो जवळपास तपासलेला टेक्स्टच होता. बाण आले पुढच्या वर्षी ९.३ मध्ये, जेसनबी ९.४ मध्ये २०१४ ला. कंसाची सिंटॅक्स यायला १४ वी आवृत्ती उजाडली, २०२१. स्टँडर्डने २०१६ मध्येच जेसन व्हॅल्यू, जेसन क्वेरी, जेसन टेबल वगैरे फंक्शनं सांगितली होती, ती पोस्टग्रेसमध्ये १७ मध्ये, म्हणजे २०२४ ला पोचली. मायएसक्यूएलने ५.७ मध्ये बाण घेतला पण उजवीकडे अख्खा पाथ लागतो, डॉलरपासून सुरू होणारा, आणि डावीकडे फक्त कॉलमच चालतो. एसक्यूलाइटने ३.३८ मध्ये, २०२२ ला, बाण घेताना दोन्ही चालवून घेतलं, नुसती कीही आणि डॉलरवाला पाथही. ओरॅकलमध्ये टिंब १२सी पासूनच आहे.

म्हणजे बाण हा स्टँडर्ड नाही, प्रत्येकाने आपापला केलेला आहे, आणि लोकांच्या हातात बसलाय तो बाण. तो तुम्ही काढू नका, शेजारी राहू द्या.

आणि शोध वेगवान करणाऱ्या इंडेक्सचा विचार केलाय का? माहिती->>'नाव' या एक्स्प्रेशनवर ज्याने इंडेक्स केलाय त्याने उद्या क्वेरी टिंबाने लिहिली आणि आतमध्ये ती जेसन क्वेरी झाली तर प्लॅनरच्या (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाच्या) दृष्टीने ही दोन वेगळी एक्स्प्रेशनं आहेत, इंडेक्स लागणार नाही आणि कोणी सांगणारही नाही, क्वेरी फक्त हळू होईल. निदान डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्या पानावर लिहा.

कंसातला

मी गेले काही दिवस नेमकं हेच वाचतोय त्यामुळे जरा लांब लिहितो.

तुम्ही वर सहज लिहिलंय की "आतमध्ये जेसन क्वेरीत बदलायचं". स्टँडर्डमध्ये तसंच आहे, पण ते बदलताना लॅक्स, म्हणजे रचना नीट जुळली नाही तरी चालवून घेणारा, मोड वापरतात, गरज पडली तरच अ‍ॅरेचं वेष्टण घालतात, आणि काही सापडलं नाही किंवा एरर आला तर नल, म्हणजे किंमतच नाही. या तिन्हीचा मिळून अर्थ बाणापेक्षा बराच वेगळा होतो. एक डॉक्युमेंट घ्या ज्यात फोन ही दोन ऑब्जेक्टची अ‍ॅरे आहे आणि प्रत्येकात नंबर आहे.

माहिती->'फोन'->'नंबर'

उत्तर नल. कारण फोन ही अ‍ॅरे आहे, तिला नंबर नावाची की नाही, विषय संपला.

माहिती.फोन.नंबर

लॅक्स मोडमध्ये अ‍ॅरे आपोआप उलगडली जाते, दोन्ही नंबर सापडतात, दोन आहेत म्हणून वेष्टण घातलं जातं आणि उत्तर येतं दोन नंबरांची अ‍ॅरे. आता त्याच ग्राहकाचा एक फोन काढून टाका, अ‍ॅरेत एकच ऑब्जेक्ट राहू द्या. उत्तर येतं नुसता एक नंबर, अ‍ॅरे नाही. म्हणजे एकाच क्वेरीत, एकाच कॉलममध्ये, एका ओळीत अ‍ॅरे आणि पुढच्या ओळीत स्ट्रिंग. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, स्टँडर्ड करणाऱ्यांनी विचारपूर्वक केलंय, ढिसाळ डेटावर क्वेरी चालावी म्हणून. पण ज्याला बाणाची सवय आहे त्याला हे कोणी सांगितलं नाही तर तो गोत्यात येणार.

आणि खरा मुद्दा कंसाचा आहे. पोस्टग्रेसमध्ये १४ पासून जो कंस आहे तो बाणाच्या अर्थाने चालतो. त्यात स्ट्रिंग चालते, ऋण आकडा चालतो आणि तो शेवटून मोजतो. म्हणजे

माहिती['फोन'][-१]

म्हणजे शेवटचा फोन. छान. आता मला त्यातला नंबर हवा म्हणून मी पुढे टिंब लावलं:

माहिती['फोन'][-१].नंबर

टिंब आलं म्हणून तुम्ही अख्खी साखळी स्टँडर्डच्या अर्थाने जेसन क्वेरीत बदलली तर तिथे ऋण इंडेक्सला शेवटून मोजायचा अर्थच नाही, शेवटच्यासाठी लास्ट हा वेगळा शब्द आहे. लॅक्समध्ये हद्दीबाहेरचा इंडेक्स म्हणजे रिकामं, रिकामं म्हणजे नल. म्हणजे काल जो कंस शेवटचा फोन देत होता तोच कंस आज, त्याला हातही न लावता, फक्त त्याच्या पुढे टिंब आलं म्हणून, काहीच सापडलं नाही म्हणतोय! एरर सुद्धा नाही!

तसंच [०] चं. फोन ही अ‍ॅरे नसून एकच ऑब्जेक्ट असेल तर जुन्या कंसात [०] ला नल मिळतो, लॅक्समध्ये ते ऑब्जेक्टच एकाची अ‍ॅरे मानलं जातं आणि ते ऑब्जेक्टच परत मिळतं.

माझं म्हणणं एवढंच की कंसाचा अर्थ कंसातच ठरला पाहिजे. त्याच्या पुढे काय लिहिलंय यावरून तो बदलता कामा नये. वाचणारा डावीकडून उजवीकडे वाचतो, त्याने साखळीच्या शेवटापर्यंत जाऊन मग मागे येऊन पहिल्या कंसाचा अर्थ लावायचा, ही अपेक्षा करणंच चुकीचं आहे.

नवशिकी

बापरे. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. हे मला कुठल्याही डॉक्युमेंटेशनमध्ये इतकं सरळ वाचायला मिळालं नव्हतं, धन्यवाद.

रात्रपाळी

कंसातला यांना शंभर टक्के अनुमोदन. मी दुसऱ्या बाजूने येतो, नाव शोधण्याच्या.

क.ख.ग असं लिहिलं तर ते स्कीमा.टेबल.कॉलम आहे (स्कीमा म्हणजे टेबलांचा गट), की टेबल.कॉलम.की आहे, की कॉलम.की.की आहे? सगळे म्हणतील की आधी जुने अर्थ लावून बघायचे आणि काहीच जुळलं नाही तर जेसन. ऐकायला बरोबर वाटतं, आणि फ्रॉममध्ये जी टेबलं आहेत तेवढ्यातच शोधायचं असल्यामुळे गोंधळ फार होणार नाही असंही वाटतं. पण मी ज्या ठिकाणी काम करायचो तिथे आम्ही एका आतल्या टूलमध्ये नेमका हाच नियम ठेवला होता आणि त्याने आम्हाला चांगलंच पोळलं.

टेबलचं नाव माहिती, आणि त्यातल्या जेसन कॉलमचं नावही माहिती. (हसू नका, असं खूप ठिकाणी असतं.) क्वेरीत होतं माहिती.स्थिती. टेबलात स्थिती नावाचा कॉलम नव्हता म्हणून टूल ते कॉलम.की असं वाचायचं आणि जेसनमधली स्थिती द्यायचं. सहा-सात महिने सुरळीत चाललं. मग कोणीतरी, अगदी योग्य कारणासाठी, स्थितीवर सारखं फिल्टर लागतं म्हणून ती जेसनमधून बाहेर काढून खरा कॉलम करायचं ठरवलं. पहिली पायरी म्हणून नुसता कॉलम टाकला, डेटा नंतर रात्री भरायचा होता. कॉलम टाकल्या क्षणी सगळ्या जुन्या क्वेऱ्या गुपचूप त्या रिकाम्या कॉलमकडे वळल्या. एरर नाही, वॉर्निंग नाही, सगळीकडे नल. रात्री अडीचला मला फोन आला, आणि कारण सापडेपर्यंत उजाडलं होतं, कारण क्वेरी तीच होती, जेसनही तोच होता आणि आम्ही तिघेही त्या क्वेरीकडे बघून हेच म्हणत होतो की हिच्यात काय बदललंय.

जेसनमधली की खरा कॉलम करणं हे जेसन कॉलम वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी होतंच. त्यामुळे हा कोपऱ्यातला प्रकार समजू नका. ओरॅकलने टिंबासाठी टेबलचा एलियस (क्वेरीपुरतं दिलेलं दुसरं नाव) सक्तीचा केलाय ते मला आधी जाचक वाटायचं, त्या रात्रीनंतर नाही वाटत. म.माहिती.स्थिती लिहिलं की म हा टेबल, माहिती हा कॉलम, पुढचं सगळं जेसन, दुसरा अर्थ निघायला जागाच नाही.

अर्धविराम

स्लॅश किंवा नुसत्या टिंबाने इंडेक्स द्यायचा विचार कोणी मांडायच्या आधीच सांगते, माहिती.फोन.० असं ठेवू नका. लेक्सरला (मजकुराचे शब्द आणि आकडे सुटे करणाऱ्या भागाला) .० हा दशांश आकडा दिसतो, .५ लिहितो ना आपण तसाच. आम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हे करायला गेलो आणि लेक्सरला खास सवलती देत बसलो, शेवटी सोडून दिलं. आकड्याला कंसच बरा.

आता टाइपचं बोला. मला रोज जी गोष्ट छळते ती ही:

म.माहिती.नाव = 'अनिता'

उत्तराचा टाइप जेसनबी असेल तर उजवीकडचा 'अनिता' पण जेसनबी करायला जाणार, आणि डबल कोट्स नसलेला अनिता वैध जेसन नाही, झाला एरर. म्हणजे '"अनिता"' असं दुहेरी कोटात लिहायचं. आणि म.माहिती.वय > १८ तर चालणारच नाही कारण जेसनबी आणि इंटिजर यांच्यात तुलनेचा ऑपरेटरच नाही. बरं, मग टेक्स्टमध्ये कास्ट करू म्हटलं तर जेसनबीचं टेक्स्ट केलं की कोट्स तसेच राहतात, "अनिता" कोट्ससकट येतं आणि तुलना खोटी ठरते. बाणवाल्या सिंटॅक्समध्ये एका जादा > ने हा प्रश्न सुटायचा, ->> लिहिलं की साधं टेक्स्ट. टिंबात तो दुसरा बाण कुठे आहे? तो नसेल तर लोक टिंबाने चार पायऱ्या उतरतील आणि शेवटच्या पायरीला पुन्हा बाण वापरतील.

आणि नलचंही ठरवा. जेसनमधला नल आणि एसक्यूएलचा नल हे वेगळे आहेत. की आहे पण किंमत नल आहे तेव्हा -> जेसनचा नल देतो, जो इज नलला उत्तर "नाही" असं देतो, आणि ->> एसक्यूएलचा नल देतो.

टिंब_टिंब

@कंसातला, @रात्रपाळी, तुमचे दोन्ही प्रतिसाद आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचले. उत्तर शेवटी एकत्र देतो, आधी अर्धविराम यांच्या मुद्द्यावर.

स्टँडर्डमध्ये यासाठी शेवटी मेथड लावायची सोय आहे, स्ट्रिंग, नंबर, डेट वगैरे, टिंब देऊन पुढे रिकामे गोल कंस. म्हणजे म.माहिती.नाव.स्ट्रिंग() = 'अनिता'. बाणापेक्षा लांब आहे पण वाचणाऱ्याला कळतं की इथे जेसन संपला. मला उलट ते आवडतं, दोन बाणांमधला फरक एका चिन्हाचा आहे आणि कोड रिव्ह्यूमध्ये तो डोळ्यातून निसटतो. कास्टही चालेल, म.माहिती.वय::इंट आता सरळ वाचतो तसाच लागतो. आणि कास्ट करताना समोर अ‍ॅरे आली, म्हणजे कंसातला म्हणतात तसे दोन नंबर सापडले, तर अ‍ॅरेचा इंटिजर होत नाही म्हणून एरर येतो. मला हा एरर हवाच आहे. आकार बदलला हे कळायची निदान एक तरी जागा राहते.

जेसनच्या नलला आम्ही हात लावत नाही, मेथड लावली की एसक्यूएलचा नल.

शेवटची_ओळ

उशिरा आले, पण दोन गोष्टी कोणी बोललं नाहीये म्हणून लिहिते.

पहिली, कॅपिटल-स्मॉल. पोस्टग्रेसचा लेक्सर कोट नसलेलं नाव स्मॉल करतो, स्टँडर्ड सांगतं कॅपिटल करा. टेबल-कॉलमला ठीक आहे, पण जेसनच्या की मध्ये केस महत्त्वाची असते आणि जावास्क्रिप्टवाले मधलं अक्षर कॅपिटल असलेल्या की सर्रास ठेवतात. कस्टमर आयडी अशी जोडलेली की, तिच्यातला आय कॅपिटल, ती टिंबानंतर कोट्सशिवाय लिहिली की लेक्सर तो आय स्मॉल करणार आणि की सापडणार नाही, लॅक्स असल्यामुळे नल. ओरॅकल आणि स्नोफ्लेक दोघेही जेसनच्या भागात केस लिहिली तशीच ठेवतात. स्टँडर्डने हा भाग ऐच्छिक फीचर म्हणून वेगळा काढलाय, म्हणजे तुमच्यावर सोडलंय. तुमच्या टेस्टमध्ये हे आलंय का? सगळ्या टेस्ट देवनागरी कीच्या असतील तर येणारच नाही, आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाही.

दुसरी, आणि ही देवनागरीवाल्यांना जास्त लागते. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे, त्यापुढचं लेक्सर कापून टाकतो, नुसती नोटिस येते, कोट्समध्ये लिहिलं तरी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे सगळी मिळून २१ चिन्हं. आता या दोन की घ्या:

वितरणाचा_पर्यायी_पत्ता_दुसरा
वितरणाचा_पर्यायी_पत्ता_तिसरा

मोजून बघा, वितरणाचा ८, पर्यायी ७, पत्ता ५, मिळून २०, त्याचे ६० बाइट, अधिक तीन अंडरस्कोर, बरोबर ६३. दुसरा आणि तिसरा हे दोन्ही शब्द मर्यादेबाहेर. टिंबानंतर या की लिहिल्या की दोन्हींचं तेच होणार, वितरणाचा_पर्यायी_पत्ता_ आणि पुढे काही नाही. अशी की डॉक्युमेंटमध्ये नाहीच, उत्तर नल. जेसनमध्ये कीच्या लांबीला अशी काही मर्यादा नाही, बाणात की ही स्ट्रिंग असते त्यामुळे तिथे कधीच कापली जात नाही. आपण की ला नाव समजायला लागलो आणि नावाचे सगळे नियम तिच्या गळ्यात पडले, अडचण ही आहे.

आणि ऱ चं पण बघा. ऱ एकच चिन्ह म्हणूनही टाइप होतो आणि र अधिक नुक्ता असाही. डोळ्याला सारखंच, बाइट वेगळे. की जुळवताना बाइटच बघतात. हे बाणालाही आहे, टिंबाचा दोष नाही, पण लांब की हाताने टाइप करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

टिंब_टिंब

@शेवटची_ओळ, तुमचा प्रतिसाद वाचल्या वाचल्या टेस्ट फाइल उघडली. १४० च्या वर टेस्ट आहेत, एकही की रोमन नाही. केस स्मॉल होण्याचा बग आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. दोन तास गेले, दुरुस्त केलाय. कापाकापीचंही खरंच होत होतं, तुमच्याच दोन की टाकून बघितल्या, दोन्हींना नल.

त्यावर जे केलंय ते सांगतो. लेक्सर आता नाव कापत नाही आणि केसही बदलत नाही, मूळ अक्षरं तशीच पार्सरकडे देतो. हे नाव टेबलचं किंवा कॉलमचं आहे असं ठरलं की मगच तिथे कापायचं आणि स्मॉल करायचं. टिंबानंतरची जेसनची की असेल तर काहीच करायचं नाही. शिवाय स्टँडर्डमध्ये टिंबानंतर सिंगल कोट्समध्ये की लिहायची जी ऐच्छिक सोय आहे, म.माहिती.'पर्यायी पत्ता', ती पण घेतोय, स्पेस असलेल्या कीसाठी.

बाकीचं आमचं ठरलंय ते असं. एलियस सक्तीचा, ओरॅकलसारखा, रात्रपाळींचा किस्सा ऐकल्यावर त्यावर वादच झाला नाही. नुसत्या कॉलमच्या नावापुढे टिंब आलं तर ते पूर्वीसारखं टेबल.कॉलम म्हणूनच वाचायचं, जुळलं नाही तर एरर, आणि एररमध्येच सांगायचं की जेसन हवा असेल तर आधी टेबलचा एलियस लावा.

कंसाच्या बाबतीत आम्हाला एक सोय आहे जी पोस्टग्रेसला नाही, आमच्याकडे जुने युजर नाहीत. त्यांना २०२१ पासून लिहिलेल्या लोकांच्या क्वेऱ्या सांभाळायच्या आहेत, आम्हाला नाही. म्हणून जुना कंस पूर्ण काढून टाकतोय. आमच्याकडे कंस म्हणजे कायम स्टँडर्डचा कंस, पुढे टिंब असो वा नसो. कंसात स्ट्रिंग लिहिली की पार्स करतानाच एरर, "टिंब आणि सिंगल कोट वापरा" असं सांगून. ऋण आकडा लिहिला की तिथेही एरर, "लास्ट वापरा". बाण मात्र जसाच्या तसा, जुन्या अर्थाने. म्हणजे ज्याला बाणाचा अर्थ हवा त्याने बाण लिहावा, टिंब आणि कंस हे एका घरचे.

जुना_डीबीए

हे पटलं. व्ह्यूचं काय? कोणी टिंबाने व्ह्यू लिहिला आणि डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये प्रत) काढला तर डम्पमध्ये टिंब छापणार की जेसन क्वेरी? आतलं रूप छापलंत तर लिहिणाऱ्याला स्वतःचाच व्ह्यू ओळखू येणार नाही, आणि पार्स करताना मूळ रूप फेकून दिलं असेल तर नंतर ते परत मिळवता येत नाही.

टिंब_टिंब

टिंबच छापणार. पार्स ट्रीमध्ये (पार्सरने लावलेल्या रचनेत) यासाठी वेगळा नोड ठेवलाय, त्यात लिहिलेली साखळी तशीच राहते, जेसन क्वेरीत बदल प्लॅनिंगच्या वेळी होतो. एलियस सक्तीचा असल्याचा इथे फायदा झाला, परत वाचताना दुसरा अर्थ लागू शकत नाही. आणि नोड वेगळा असल्यामुळे इंडेक्सचाही अर्धा प्रश्न सुटतो, टिंबावर केलेला इंडेक्स टिंबाच्या क्वेरीला लागतो. बाणावरचा इंडेक्स टिंबाला लागणार नाही, कारण वर बघितलं तसे अर्थच वेगळे आहेत, तो लागावा असा प्रयत्न करणं धोक्याचं आहे. डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर लिहितोय.

नवशिकी

अपडेट पण चालेल का टिंबाने? सेट माहिती.पत्ता.शहर = असं काही?

टिंब_टिंब

सध्या नाही. स्टँडर्डमधलं टिंब वाचण्यापुरतंच आहे, आणि लॅक्स मोडमध्ये लिहायचं म्हणजे फोन ही अ‍ॅरे असेल तर नंबर सगळ्यांचा बदलायचा की पहिल्याचा, याला उत्तर नाही. लिहायला जेसनबी सेट फंक्शन ठेवलंय.

अर्धविराम

एक राहिलं, म.माहिती.* याचं काय? टेबल.* म्हणजे सगळे कॉलम, तसं जेसनचे सगळे कॉलम कोणी समजलं तर?

टिंब_टिंब

पहिल्या आवृत्तीत बंद. सिलेक्टमधल्या ताऱ्याने कॉलम वाढतात आणि जेसनमधल्या ताऱ्याने किमती एका अ‍ॅरेत येतात, एकच चिन्ह दोन अर्थांनी इतकं जवळ नको. नंतर कोणाला खरंच लागलं तर बघू.

कंसातला

कंसाचा निर्णय बघून बरं वाटलं. फक्त एक, ऋण आकडा कोडमध्ये लिहिलेला असेल तर पार्सर पकडेल, पण कंसात पॅरामीटर असेल आणि चालवताना त्यात -१ आला तर? तिथे लॅक्स पुन्हा गुपचूप नल देणार.

टिंब_टिंब

हे सुटलं होतं आमच्याकडून. आत्ता बघितलं, नलच देत होता. चालवताना ऋण आला की एरर द्यायचा बदल केलाय, कंसातली किंमत काढून झाल्यावर लगेच, लॅक्सचे नियम लागायच्या आधी. स्टँडर्डपासून इथे आम्ही जाणूनबुजून बाजूला जातोय, आणि ते तसं लिहून ठेवतोय. टेस्ट १५२ वर गेल्यात, त्यातल्या ११ रोमन कीच्या, मधली अक्षरं कॅपिटल असलेल्या.

शेवटची_ओळ

तिसरा पत्ता?

टिंब_टिंब

म.माहिती.वितरणाचा_पर्यायी_पत्ता_तिसरा चालवलं, तिसराच आला. दुसरा पण वेगळा आला.